दुष्फेन जल: खानदेशातील गृहव्यवहाराच्या संदर्भात एक विवेचन

१

आरंभी संज्ञेचा निर्णय केला पाहिजे, कारण या विषयातील निम्मा गोंधळ नावांचा आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्याला पाठ्यपुस्तके ‘दुष्फेन’ म्हणतात. व्यवहारात त्याला ‘जड’ म्हणतात, आणि जळगाव-धुळ्याकडील घरांत ‘क्षाराचे पाणी’ किंवा नुसते ‘बोरचे पाणी’ एवढ्यावर भागते. यांपैकी ‘क्षार’ ही संज्ञा अतिव्याप्त आहे. मीठही क्षारच, परंतु मिठाने गिझरला थर बसत नाही. ‘जड पाणी’ हे नाव रसायनशास्त्राने ड्यूटेरियमयुक्त पाण्यासाठी, म्हणजे अणुभट्टीत लागणाऱ्या पाण्यासाठी, आधीच राखून ठेवले आहे. ‘दुष्फेन’ ही संज्ञा त्यातल्या त्यात निर्दोष वाटते. परंतु आजच्या धुण्याच्या पावडरीला बोरच्या पाण्यातही फेस येतो, म्हणून फेसाचे लक्षण आता अव्याप्त ठरते. शब्द जुना ठेवून लक्षण बदलणे हाच मार्ग उरतो. सोयीसाठी पुढे ‘जड’ हे विशेषणही याच अर्थाने येईल.

लक्षण असे करता येईल: पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम या दोन धातूंच्या आयनांचे एकूण प्रमाण, तुल्य कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत मांडलेले, म्हणजे दुष्फेनता. एकक लिटरला मिलिग्रॅम. १ मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे २.५ मिलिग्रॅम दुष्फेनता, १ मिलिग्रॅम मॅग्नेशियम म्हणजे सुमारे ४.१ मिलिग्रॅम.

या लक्षणातून तीन गोष्टी वगळल्या जातात. पहिली, खारेपणा: तो मुख्यतः सोडियम व क्लोराइड यांचा. दुसरी, मचूळपणा: ती जिभेची प्रतीती असून तिची कारणे अनेक आहेत. तिसरी, गढूळपणा: तो न विरघळलेल्या मातीचा. तुरटी फिरवल्याने गढूळपणा जातो, दुष्फेनता जात नाही. तुरटीमुळे दुष्फेनतेची जात मात्र बदलते, आणि हे समजण्यास जाती आधी सांगितल्या पाहिजेत.

२

दुष्फेनता दोन प्रकारची आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर बायकार्बोनेट असेल तर ती अस्थायी, कारण पाणी उकळले की तिचा बराच भाग कार्बोनेट होऊन खाली बसतो. सोबत सल्फेट किंवा क्लोराइड असेल तर ती स्थायी, तिच्यावर उकळण्याचा परिणाम होत नाही. ‘अस्थायी’ या शब्दाने फसू नये. घरातील भांड्यांवर, तोटीवर आणि कॉइलवर जे पुट चढते ते बहुतांशी या अस्थायी दुष्फेनतेचेच. ती पाण्यातून जाते म्हणून अस्थायी म्हणायची, भांड्यावर ती चांगली स्थायिक होते.

आता तुरटी. तुरटीतील कामाचे द्रव्य म्हणजे ॲल्युमिनियमचे सल्फेट. ते पाण्यातील बायकार्बोनेटशी संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके करते, त्यांत माती अडकते आणि पाणी निवळते. बायकार्बोनेटची जागा सल्फेट घेते. म्हणजे तुरटीच्या प्रमाणात काही अस्थायी दुष्फेनता स्थायी होते, एकूण बेरीज तीच राहते. पावसाळ्यात नदीला गाळ येतो, शुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा वाढते, आणि हा पालटही त्या मानाने वाढतो. नळाचे पाणी ‘शुद्ध केलेले’ आहे या वाक्यावरून ते सुफेन आहे असा निष्कर्ष निघत नाही. शुद्धीकरण केंद्र गाळ आणि जंतू यांच्यासाठी असते, कॅल्शियम काढणे हे त्याचे काम नव्हे.

३

उगमाचा विचार स्थळाशिवाय होत नाही. खानदेशाचा खडक दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा कॅल्शियम व मॅग्नेशियम धारण करणाऱ्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांनी बनला आहे. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट भरलेले असतात. तापीच्या काठाने या खडकावर गाळाचा जाड थर आहे आणि त्यात जागोजाग चुनखडीचे खडे सापडतात. विहीर खणणाऱ्यांना ते चांगले परिचित असतात.

पावसाचे पाणी जमिनीत शिरताना मुळांच्या श्वसनाने निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड घेते आणि सौम्य आम्ल बनते. शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरला सुमारे १४ मिलिग्रॅम एवढेच विरघळते. या आम्लयुक्त पाण्यात ते त्याच्या अनेक पट विरघळते. पाणी खडकात जितका काळ राहील तितके ते जड होईल, हा सामान्य नियम.

या नियमावरून दोन्ही शहरांच्या पाण्याची प्रतवारी करता येते. जळगावचे नळाचे पाणी वाघूर धरणाचे. वाघूर ही अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याने वाहणारी नदी, आणि ज्या बेसाल्टात ती लेणी कोरली तोच तिच्या तळाशी आहे. धुळ्याची भिस्त पांझरेवर आणि तापीवर: नकाणे व डेडरगाव हे तलाव, अक्कलपाडा धरण, आणि तापीवरून येणारी जलवाहिनी. ही सर्व पृष्ठजले. त्यांत पावसाचा वाटा मोठा असल्याने दुष्फेनता भूजलाच्या मानाने कमी असते, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात. मे महिन्यात तेच पाणी बदलते. एक तर जलाशयाचे बाष्पीभवन होते. दुसरे, नदीत जे थोडे पाणी उरते ते काठच्या जमिनीतून पाझरून आलेले, म्हणजे खडकात मुरलेले असते.

दुसरा स्रोत बोअरचा. त्याचे पाणी दीर्घकाळ खडकात राहिलेले, म्हणून नियमानुसार अधिक जड. येथे नगरातील एक वस्तुस्थिती निर्णायक ठरते: नळाला पाणी रोज येत नाही. धुळ्यात तर मधल्या दिवसांची गणती करणे हा नित्य व्यवहार आहे. त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीत बोअरचे पाणी चढते. परिणामी घरात ‘नळाचे पाणी’ नावाची एक वस्तू नसते, मिश्रण असते, आणि ते दर दिवशी निराळे असते.

मिश्रणाचे गणित सरळ आहे. नळाचे पाणी १०० मिलिग्रॅमचे आणि बोअरचे ६०० मिलिग्रॅमचे धरले आणि तीनास एक मिसळले, तर मिश्रण २२५ चे होते. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पेयजल मानकात (आयएस १०५००) स्वीकार्य मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे उत्तम नळाच्या पाण्यात पाव भाग बोअर मिसळताच पहिली मर्यादा ओलांडली जाते.

४

मापनाविषयी थोडेच सांगणे पुरे. १८४० च्या दशकात ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून फेस टिकेपर्यंत मोजण्याची पद्धत रूढ केली. आज प्रयोगशाळेत ईडीटीए या द्रव्याने मोजतात. निदर्शकाचा लालसर रंग निळा झाला की मोजणी संपली. घरी साबणाची पद्धत चालते: एका बाटलीत पावसाचे पाणी, दुसरीत तितकेच टाकीतले पाणी, दोन्हींत खऱ्या साबणाचे सारखे थेंब, आणि सारखे हलवणे. पावडर चालणार नाही, कारण वर सांगितलेच आहे.

खिशात येणाऱ्या टीडीएस मीटरने मात्र दुष्फेनता मोजली जात नाही. तो विद्युत्‌वाहकता मोजतो आणि तिच्यावरून सर्व विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज सांगतो, त्यात मीठही आले. विक्रेत्याजवळ कधी दुसरे यंत्र असते. त्याच्या दोन सळया पाण्यात सोडून वीज दिली की पाणी तपकिरी-हिरवे होते आणि गृहिणी घाबरते. तो गाळ लोखंडी सळईच्या गंजाचा असतो, पाण्यातला नव्हे. हे यंत्र प्रयोग म्हणून मनोरंजक आहे.

५

गृहव्यवहारातील परिणाम चार क्रियांतून होतात: तापन, बाष्पीभवन, फेनन आणि पाक. पाणी नुसते साठवले तर दुष्फेनता प्रायः निरुपद्रवी असते. बोअरचे ताजे पाणी पिंपात ठेवल्यावर काही तासांनी पृष्ठभागी पांढरी साय धरते, एवढेच. तीही कार्बन डायऑक्साइड उडून गेल्याची खूण होय.

तापन. बहुतेक लवणे गरम पाण्यात अधिक विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेट उलट वागते. तापमान वाढले की त्याची विद्राव्यता घटते आणि शिवाय कार्बन डायऑक्साइड निघून जातो. म्हणून निक्षेप सर्वांत उष्ण पृष्ठावर बसतो. येथे एक भेद करणे जरूर आहे, जो विक्रेते करीत नाहीत. बंबात किंवा पातेल्यात उष्णता बाहेरून आत येते, आतला थर तिची वाट अडवतो, म्हणून सरपण वा गॅस अधिक लागतो. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते. थर बसला तरी तिची उष्णता अखेर पाण्यातच जाते. त्यामुळे विजेचा अपव्यय सांगतात तेवढा होत नाही, मात्र थराआड कॉइल अधिक तापते आणि लवकर जळते. पहिल्या उपकरणात हानी इंधनाची, दुसऱ्यात उपकरणाची.

बाष्पीभवन. खानदेशात ही क्रिया सर्वांत महत्त्वाची आहे, आणि पाश्चात्य ग्रंथांतील गृहविषयक विवेचनात तिला बहुधा जागा नसते, कारण तेथे घराघरांत कूलर नसतो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. कूलरमधून दिवसाला ५० लिटर पाणी उडते असे धरू, आणि पाणी ४०० मिलिग्रॅमचे धरू. वाफेबरोबर कॅल्शियम जात नाही. म्हणून रोज २० ग्रॅम दुष्फेनता मागे राहते, आणि ९० दिवसांच्या मोसमात १,८०० ग्रॅम. जून उतरताना कूलरचे दार उघडून पाहावे: वरच्या पन्हळीच्या भोकांभोवती पांढरी टोके, गवताच्या काड्या एकमेकींस चिकटून त्यांची ढलपी झालेली, आणि बोटाने दाबले की कुरकुर वाजणारी. ज्या काडीवरून पाणी ओघळते ती मऊ असते, जिच्यावर ते पोचून सुकते ती दगड झालेली असते. मोटर चांगली असूनही हवा उष्ण येते. मिस्त्री गवत बदलतो, आणि दोष गवताचा ठरतो.

माठाचे तत्त्व तेच, गती मंद. पाणी छिद्रांतून झिरपून बाहेरच्या पृष्ठावर उडते आणि क्षार त्या छिद्रांच्या मुखाशी राहतो. नव्या माठाचे पाणी गार असते. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात माठाच्या पोटावर पांढरे वलय उमटते आणि पाणी कोमट लागू लागते. ‘माठ मेला’ असे म्हणून नवा आणतात. वस्तुतः त्याची छिद्रे बुजलेली असतात.

शेतकरी हाच व्यवहार अधिक शिस्तीने जाणतो. केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरच्या शेतांत, ठिबकच्या तोट्यांच्या मुखाशी पांढरा क्षार धरून त्या बुजतात, आणि त्या मोकळ्या करण्यासाठी नळ्यांतून सौम्य आम्ल सोडण्याचा परिपाठ आहे. त्याच शेतकऱ्याच्या घरी तोच क्षार नळाच्या जाळीत बसला की तोटी बदलली जाते.

फेनन. साबण म्हणजे मेदाम्लाचे सोडियम लवण. कॅल्शियम भेटताच ते अविद्राव्य चोथा बनते. प्रमाण काढता येते: १ ग्रॅम दुष्फेनता सुमारे ६ ग्रॅम साबण निकामी करते. २० लिटरची बादली ३०० मिलिग्रॅमच्या पाण्याची असेल तर तीत ६ ग्रॅम दुष्फेनता असते, आणि ती संपूर्ण संपवण्यास सुमारे ३७ ग्रॅम साबण लागेल. साबण अंगावर किंवा कपड्यावर चोळून लावत असल्याने प्रत्यक्ष नासाडी याहून कमी होते. चोथा मात्र राहतो: केसांत राठपणा, बादलीच्या काठावर राखाडी कडे, पांढऱ्या सदऱ्यावर मळकट झाक. पावडरीतील सोडा कॅल्शियमला कार्बोनेट करून बाजूस सारतो, परंतु तो कार्बोनेट कपड्याच्या धाग्यांतच बसतो. वाळल्यावर टॉवेल उभा राहतो, तो यामुळे.

पाक. डाळीच्या पेशी एकमेकींस पेक्टिनने जोडलेल्या असतात. शिजणे म्हणजे हा सांधा सुटणे. कॅल्शियम पेक्टिनशी बांधला जाऊन सांधा पक्का करतो, म्हणून बोअरच्या पाण्यात तूरडाळ वरणासारखी एकजीव होत नाही, दाणा वेगळा राहतो आणि वर पाणी तरंगते. वरण-बट्टीच्या प्रदेशात हा दोष लपत नाही. खाण्याचा सोडा चिमूटभर घातल्याने डाळ शिजते, कारण तो माध्यम अल्कधर्मी करून पेक्टिन सोडवतो आणि थोडा कॅल्शियमही खाली बसवतो. बरोबर काही जीवनसत्त्वेही जातात. परंतु डाळ न शिजण्यास जुनी डाळ हेही स्वतंत्र कारण असते. निर्णय असा करावा: एकाच डाळीच्या दोन वाट्या, एक टाकीच्या पाण्यात, एक पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात, एकाच कुकरात. दोन्ही कच्च्या राहिल्या तर दोष दुकानदाराचा.

चहावरील तवंगही याच वर्गातला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मायकेल स्पायरो यांनी १९९३ साली दाखवले की तो तवंग कॅल्शियम कार्बोनेट व चहातील ऑक्सिडीकृत द्रव्ये यांचा असतो, आणि लिंबू पिळल्याने तो धरत नाही. आपल्या दुधाच्या उकाळ्यात तो सायीत खपून जातो.

६

शरीरावरील परिणामांबाबत समज अनेक आणि प्रमाणे थोडी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनतेसाठी आरोग्याधारित मर्यादा ठरवलेलीच नाही. मानकातील आकडे चव, पुट आणि साबण यांच्याशी अधिक निगडित आहेत. ‘जड पाण्याने मूतखडा होतो’ हे वाक्य खानदेशात घरोघरी ऐकू येते. परंतु अन्नातील कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवतो, त्यामुळे कमी कॅल्शियमच्या आहाराने खड्याचा धोका उलट वाढतो. उष्ण प्रदेशात खड्याचे सबळ कारण म्हणजे घाम पुष्कळ, पाणी थोडे आणि मूत्र दाट. पाणी मचूळ लागते म्हणून ते कमी पिणे, आणि त्यातून खडा होणे, हा संबंध शक्य आहे. तो जिभेमार्फत घडतो, कॅल्शियममार्फत नव्हे.

त्वचेचे प्रकरण निराळे. जड पाण्याच्या प्रदेशांत मुलांना इसब अधिक आढळतो असे काही निरीक्षणांतून दिसले. परंतु ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरात सॉफ्टनर बसवल्याने इसबाला अधिक उतार पडला नाही. सहसंबंध दिसणे आणि उपाय लागू पडणे या दोन पायऱ्या भिन्न आहेत.

७

उपायांचे तीन वर्ग: निक्षेपण, विनिमय, गाळण. निक्षेपणात उकळणे आले, आणि क्लार्क यांनी १८४१ साली पेटंट घेतलेली चुन्याची रीतही आली. पाण्यातील चुना चुना घालूनच काढायचा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. चुन्याची निवळी बायकार्बोनेटचे कार्बोनेट करते आणि दोन्हींतील कॅल्शियम एकत्र खाली बसतो. नगराच्या केंद्रात हे साधते, घरात मात्रा साधत नाही.

विनिमय म्हणजे सॉफ्टनर. त्यातील राळ कॅल्शियम घेते आणि सोडियम देते. पुट बसत नाही, टीडीएस मात्र घटत नाही, किंचित वाढतोच. प्रत्येक १०० मिलिग्रॅम दुष्फेनतेमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो. म्हणून हे पाणी पिण्यास, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णास, वापरू नये. खर्च मिठाचा: ३०० मिलिग्रॅमचे ५०० लिटर पाणी रोज सुफेन करण्यास गणिताने १७५ ग्रॅम मीठ लागते, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट. वर्षाला सव्वाशे किलोंहून अधिक. हे मीठ अखेर गटारातून जमिनीत जाते. काळ्या जमिनीत सोडियम साचला की ती चोपण होते, ओली असता लादी आणि वाळली असता दगड. कॅल्शियम नेमके याच्या उलट काम करतो, म्हणून चोपण जमिनीला जिप्सम देतात. अतएव कुंड्यांना आणि परसबागेला जड पाणी द्यावे, सॉफ्टनरचे देऊ नये.

गाळण म्हणजे आरओ. ते कॅल्शियम काढते आणि त्याबरोबर जवळजवळ सर्व काही काढते. एक लिटर पाण्यामागे त्याहून अधिक पाणी नाकारले जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली ५०० मिलिग्रॅमहून कमी टीडीएसच्या ठिकाणी या यंत्रांना मनाई करण्याचा आदेश दिला, त्यामागे हा अपव्ययही होता. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या शहरात नाकारलेले पाणी मोरीत सोडणे हा हिशेब न जमणारा आहे. ते फरशीला आणि शौचालयाला पुरते. कूलरला घालू नये, कारण ते आधीच दाट झालेले असते.

बसलेले पुट काढण्यास आम्ल लागते. लिंबू, चिंच, सायट्रिक आम्ल ही सौम्य, बाजारातले बाथरूमचे ॲसिड तीव्र. येथे एक विसंगती वारंवार घडते. शहाबादी, कडप्पा आणि कोटा या फरश्या चुनखडकाच्या, म्हणजे पुट ज्या द्रव्याचे त्याच द्रव्याच्या. ॲसिड दोहोंत भेद करीत नाही. पांढरा डाग जातो आणि त्याबरोबर फरशीची झिलईही जाते, मग त्या खडबडीत जागी पुढचे पुट लवकर धरते. ब्लिचिंग पावडरीबरोबर तर ॲसिड मुळीच वापरू नये, क्लोरीन वायू सुटतो.

पुट धरण्याआधीचा उपाय घराच्या जुन्या व्यवस्थेत होता. खानदेशातील घरांत पिण्याचे पाणी आणि वापरायचे पाणी अशी दोन भांडी, दोन जागा, कित्येकदा दोन विहिरीही असत. हा भेद सोवळ्याचा किंवा चवीचा मानला गेला, परंतु त्याने दुष्फेनतेचेही विभाजन होत असे. एकच टाकी आणि एकच पाइप आल्यावर तो मोडला. तो पुन्हा करण्यास दुसरी लहान टाकी आणि एक व्हॉल्व्ह पुरतो: नळाचे पाणी स्वयंपाक, गिझर आणि कूलर यांकडे, बोअरचे फरशी, शौचालय आणि झाडांकडे. कपड्यांना नळाचे उरेल ते.

कूलरसाठी नळाचे पाणीही पुरत नाही, निचरा लागतो. जितके पाणी उडते त्यात सोडून दिलेले मिळवावे आणि बेरजेला सोडलेल्या पाण्याने भागावे: तितक्या पट टाकीतले पाणी दाट होते. ५० लिटर उडत असता १० लिटर सोडले तर सहा पट, २५ सोडले तर तीन पट. टाकीच्या तळाशी असलेले बूच रात्री काढून पाणी मोरीत सोडावे. बुचाभोवती पांढरी कड धरली असेल, तर निचरा पुरेसा होत नाही.